मनाचं माप: नवशिक्यांसाठी उपनगरी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका मानसशास्त्रात एम. ए. करणाऱ्या अशा विद्यार्थ्यांसाठी आहे, ज्यांचा सिनॉप्सिस मंजूर झालाय, प्रबंधाचं ब्लॅक बुक जमा करायची तारीख डोक्यावर आलीय आणि ज्यांच्याकडे अजून एकही भरलेला फॉर्म नाही. तुमचा विषय बहुधा ‘मुंबई उपनगरांतील नोकरदारांची मानसिक लवचिकता आणि त्यांना जाणवणारा सामाजिक आधार : एक सहसंबंधात्मक अभ्यास’ असा असेल. तो तुम्ही निवडलेला नाही, वारशाने आला आहे. मागच्या बॅचच्या मुलीने ‘नोकरदारां’च्या जागी ‘महाविद्यालयीन विद्यार्थी’ घातले होते, तिच्या आधीच्या मुलाने ‘परिचारिका’. निष्कर्ष तिघांचाही एकच येणार: ज्यांना आधार जास्त वाटतो ते जास्त लवचिक असतात. तो आधीच माहीत असला तरी अभ्यास करावा लागतो, कारण ब्लॅक बुकमध्ये कोरी पानं चालत नाहीत.

साहित्य

दोन पट्ट्या, शंभर झेरॉक्स, परीक्षेचं एक पॅड आणि वीस पेनं. पेनं वीस एवढ्यासाठी की ती परत येत नाहीत. ज्या बाईने ‘मी संकटातून लवकर सावरते’ या अर्थाच्या विधानापुढे ठामपणे खूण केली, ती घाटकोपरला उतरताना तुमचं पेन घेऊनच उतरते. हा तिच्या लवचिकतेचा पुरावा आहे, पण तो फॉर्मवर नोंदवता येत नाही.

आधार मोजायला ग्रेगरी झिमेट आणि सहकाऱ्यांची १९८८ सालची बारा विधानांची पट्टी घ्या. कारण शास्त्रीय आहे: ती छोटी आहे आणि फुकट आहे. तिच्यात तीन खाती असतात: घरचे, मित्रमंडळी आणि एक ‘खास व्यक्ती’. प्रत्येक खात्यात चार विधानं, प्रत्येक विधानाला एक ते सात गुण. सरासरी तीनच्या खाली आली तर आधार कमी, पाचच्या वर गेली तर भरपूर. लवचिकतेसाठी कॉनर आणि डेव्हिडसन यांची २००३ सालची पंचवीस विधानांची पट्टी नावाजलेली आहे, पण तिला परवानगी लागते आणि पैसेही. त्यामुळे तुम्ही ब्रूस स्मिथ यांची २००८ सालची सहा विधानांची पट्टी घेणार आहात. हे गाइडना सांगताना ‘संक्षिप्ततेचे लाभ’ असा शब्दप्रयोग करा.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. झिमेट यांची पट्टी सुरुवातीला अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या २७५ विद्यार्थ्यांवर तपासली गेली. त्यांना घरचे होते, मित्र होते, खास व्यक्तीही असाव्यात. विरार फास्टमध्ये चढून बोरिवलीला उतरण्याचा प्रयत्न त्यांच्यापैकी कोणी केला होता का, हे तेव्हा विचारलं गेलं नाही.

सहा विधानांचा सापळा

स्मिथ यांच्या पट्टीत दुसरं, चौथं आणि सहावं विधान उलट्या अर्थाचं असतं. पहिल्यात माणूस लवकर सावरतो, दुसऱ्यात त्याला जड जातं, तिसऱ्यात पुन्हा सावरतो. हेतू असा की, माणसाने वाचून उत्तर द्यावं. बेरीज करताना या तीन विधानांचे गुण उलटे करायचे: पाचाचा एक, चाराचे दोन.

आता उपनगरातला माणूस फॉर्म कसा भरतो ते पाहा. तो पहिल्या विधानापुढे पाचावर खूण करतो आणि मग तोच रकाना पकडून खाली येतो, सहाही ठिकाणी पाच. गुण उलटवून सरासरी काढा: नेमकी ३.००. सगळीकडे एक लिहिला असता तरी ३.००. सगळीकडे दोन, तरी तेवढेच. आणि या पट्टीत ३.०० ते ४.३० म्हणजे ‘सामान्य लवचिकता’. थोडक्यात, फॉर्म अजिबात न वाचता भरणारा प्रत्येक मुंबईकर शास्त्रशुद्ध पद्धतीने सामान्य ठरतो. असे फॉर्म बाजूला काढावेत असं पुस्तकात सांगितलेलं आहे. तुमच्याकडचे किती उरतील याचा अंदाज घेऊन काय ते ठरवा.

माणसं गाठणे

सर्वात सोपी जागा म्हणजे आपली सोसायटी, आणि सर्वात वाईटही तीच. मुलुंड असो की बोरिवली, जिथे पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत तिथे सहीचा रकाना असलेला कुठलाही कागद संशयाने पाहिला जातो. बिल्डरला एक्कावन्न टक्के संमती पुरते, आणि पन्नासावा टक्का कोण आणि एक्कावन्नावा कोण, यावरून जिने विभागले गेलेले असतात. तुमच्या फॉर्मच्या पहिल्याच पानाचं शीर्षक ‘संमतिपत्र’ आहे. तुम्ही कितीही सांगा की ही संशोधनातली संमती आहे. दुसऱ्या मजल्यावरचे काका चष्मा लावून मागची बाजू बघतात, ‘एरिया किती देतायत?’ विचारतात आणि वकिलाला दाखवून देतो म्हणतात. तो फॉर्म गेला असं समजा.

अध्यक्ष मात्र लगेच भरून देतात. आधाराच्या बाराही विधानांना सात-सात. ‘आमच्या सोसायटीत सगळं एका कुटुंबासारखं आहे, लिही.’ लिफ्टच्या खर्चावरून हे कुटुंब सध्या उपनिबंधकांकडे तारखा घेतंय, पण तसा प्रश्न पट्टीत नाही.

घरोघरी जाणार असाल तर याहून मोठी अडचण येते. पुस्तकात लिहिलेलं असतं की उत्तर देणाऱ्याला एकांत द्या. वन रूम किचनमध्ये एकांत कुठून द्यायचा, हे पुस्तकात नसतं. सून ‘घरचे मला भावनिक आधार देतात’ या आशयाचं विधान वाचत असते, सासूबाई भाजी निवडत असतात आणि नवरा टीव्हीचा आवाज कमी करून तुमच्याकडे बघत असतो. तुम्ही म्हणता, ‘उत्तरं गोपनीय राहतील.’ सासूबाई विचारतात, ‘काय लिहिलंस गं?’ अशा घरातून येणारा सात हा आधाराचा सात नसतो, सौजन्याचा असतो. क्राउन आणि मार्लो या दोघांनी १९६० मध्ये, लोक चांगलं दिसावं म्हणून किती चांगली उत्तरं देतात ते मोजायची वेगळी पट्टीच बनवली. ती तेहतीस विधानांची आहे. तीही सासूबाईंसमोरच भरावी लागेल.

म्हणून महिलांचा डबा.

या मार्गदर्शिकेतला सर्वात उपयोगी सल्ला हाच: बोरिवलीहून चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीत बाईजवळ घरचं कोणी नसतं. दिवसभरात बहुधा तेवढाच तास असतो, जेव्हा तिचं उत्तर तिच्या खांद्यावरून कोणी वाचत नाही, म्हणजे ओळखीचं कोणी नाही. अनोळखी दहाजणी वाचतात आणि मतंही देतात. चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल ५ मे १९९२ रोजी सुरू झाली, पुढे ती विरारपर्यंत गेली. तेव्हापासून त्या डब्यांत मटार सोलले गेले, हळदीकुंकू झालं, डोहाळजेवणं झाली, मुलींची स्थळं ठरली आणि मोडली. या गाडीत तीन गोष्टींची काळजी घ्या. एक, चौथ्या सीटवर बसलेल्या बाईला फॉर्म देऊ नका, तिचा एक पाय मार्गिकेत आहे आणि ती आधीच तणावाचा अभ्यास करत आहे. दोन, अंधेरीनंतर नव्याने कोणाला विचारू नका. तीन, दारातल्या बायकांना तर कधीच विचारू नका.

गर्दीचं माप घेण्यात रेल्वे तुमच्या विभागापेक्षा पुढे आहे, हेही इथे कळेल. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी राहिली की रेल्वे त्याला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणते. ही मानसशास्त्रातली संज्ञा नाही याचं वाईट वाटतं. ‘आपला सामाजिक आधार कोणत्या प्रकारचा आहे?’ या प्रश्नाला इथल्या निम्म्या लोकांनी तेच उत्तर दिलं असतं.

तिसऱ्या खात्याचं काय करायचं

घरचे आणि मित्र ही खाती भरताना त्रास होत नाही. ‘खास व्यक्ती’पाशी डबा थांबतो. ‘म्हणजे नवरा का?’ एकीने विचारलं की दुसरी हसते, आणि ते हसू कुठल्या रकान्यात टाकायचं ते तुम्हाला कळत नाही. पट्टीकर्त्यांनी ही व्यक्ती मुद्दाम मोकळी ठेवली आहे, ज्याला जी वाटेल ती. त्यामुळे तुम्हाला पुढची उत्तरं ऐकायला मिळतील आणि तुम्ही चेहरा सरळ ठेवायचा आहे: घरकामाला येणाऱ्या मावशी, कारण त्या नाही आल्या तर सगळं कोसळतं, ऑफिसातली जुनी साहेबीण, जी आता निवृत्त झालीय पण अजून फोन करते, न्यू जर्सीतला मुलगा, रविवारी सकाळी, आणि ‘देव चालेल का?’. रिक्षांच्या मागच्या काचेवर ज्यांचं आश्वासन असतं त्या स्वामी समर्थांना एका आजींनी चारही विधानांत सात दिले तर खोडू नका. पट्टीचं नाव ‘जाणवणारा आधार’ आहे. तो जाणवतोय.

डब्यातला ग्रुप मात्र कुठल्याच खात्यात बसत नाही, आणि कोणी तो लिहीतही नाही. ७.५२ ला रोज भेटणाऱ्या या बायका मैत्रिणी आहेत का? विचारलं तर म्हणतात, ‘नाही हो, ट्रेनमधल्या आहेत.’ एकमेकींचं आडनाव माहीत नसतं, घर पाहिलेलं नसतं. पण चार दिवस एखादी दिसली नाही तर पाचव्या दिवशी तिच्या ऑफिसात फोन जातो. हा आधार घरच्यांत नाही, मित्रांत नाही, खास तर नाहीच. बारा विधानांमधून तो सुटतो, आणि तुमच्या अभ्यासात या बाईला ‘मध्यम आधार’ असा शेरा मिळतो.

हवाई बेटांपैकी कौआई इथे एमी वर्नर यांनी १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचे आजार अशा सगळ्या अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश चांगली, उभी राहिलेली माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात निदान एक मोठं माणूस भक्कमपणे होतं; पुष्कळदा आईवडील नव्हे, तर आजी, मावशी, शेजारीण, शाळेतली बाई. अभ्यास इतका मोठा की त्यावर पुस्तकं निघाली. घाटकोपरच्या चाळीत लहानाचे मोठे झालेल्या कोणालाही हे चहा पिता पिता सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, ‘मग? आम्ही जेवायला कुठे जायचो वाटतं?’

डबा कोणाच्या खात्यात

तुमच्या गाइडना एक फरक फार प्रिय आहे: मिळालेला आधार वेगळा आणि जाणवलेला वेगळा. वायवाला हमखास विचारतात, म्हणून पाठ करा. मजा अशी की, तणाव सोसण्यासाठी जाणवलेला आधारच जास्त कामाचा असल्याचं अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. आधार प्रत्यक्षात मिळाला की नाही, त्याचं मोल त्या मानाने कमी. अडचणीत कोणीतरी धावून येईल असं वाटणं पुरेसं असतं, कोणी धावून न आलं तरी. न्यू जर्सीतला मुलगा या तत्त्वावर चालतो.

पण २००० साली बोल्गर, झुकरमन आणि केसलर यांनी याची दुसरी बाजू दाखवली. वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्यांना आणि त्यांच्या जोडीदारांना त्यांनी रोज डायरी लिहायला लावली. ज्या दिवशी जोडीदाराने ‘मी मदत केली’ असं लिहिलं आणि परीक्षा देणाऱ्याच्या ते लक्षातही आलं नाही, त्या दिवशीच्या मदतीचा फायदा जास्त दिसला. उघड मदत मात्र उपकारासारखी बोचते. हे वाचल्यावर अंधेरीच्या एखाद्या ऑफिसात जाऊन दुपारी दीड वाजता उघडलेल्या डब्यांकडे बघा. सकाळी पावणेपाचला उठून केलेली पोळी-भाजी खाता खाता माणूस तुमचा फॉर्म भरतोय आणि ‘घरचे मला खरोखर मदत करायचा प्रयत्न करतात’ अशा अर्थाच्या विधानापुढे चार लिहितोय, म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही. त्याला बोलू नका. संशोधकाने हस्तक्षेप करायचा नसतो. फक्त एवढं टिपून ठेवा की सर्वात चांगला आधार तुमच्या पट्टीत मध्यावरच अडकतो.

सहाव्या मजल्यावरची चावी

१९६६ मध्ये वेब, कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी प्रश्नावली न देता मोजमाप कसं घ्यावं यावर पुस्तक लिहिलं. त्यातलं एक उदाहरण शिकागोच्या संग्रहालयाचं आहे: अंड्यातून पिल्लं बाहेर येताना दिसतात त्या दालनापुढच्या फरशा दर सहा आठवड्यांनी बदलाव्या लागत, इतर ठिकाणच्या वर्षानुवर्षं टिकत. लोकांना काय आवडतं ते फरशीने सांगितलं, कोणाला विचारावं लागलं नाही.

उपनगरासाठी याच जातीचं एक माप सुचवतो. ते कुठल्याही जर्नलमध्ये नाही, त्यामुळे संदर्भसूचीची काळजी नाही. विचारा: ‘तुमच्या घराची जादा चावी कोणाकडे आहे?’ समोरच्यांकडे, असं झटकन उत्तर आलं तर पुढे जा. ‘एक सहाव्या मजल्यावर, एक वॉचमनकडे, एक बहिणीकडे मुलुंडला’ असं आलं तर उभं राहून नमस्कार करा. आणि माणूस थबकला, ‘डिजिटल लॉक बसवलंय’ म्हणाला, तर त्याच्या आधाराच्या पट्टीवरचे गुण पुन्हा एकदा नीट बघा. नव्या टॉवरमध्ये हे उत्तर वारंवार येतं. तिथे क्लब हाऊस आहे, योगाचे वर्ग आहेत, तीन व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत, चावी मात्र कोणाकडे नाही.

पर्जन्यमापक कुठे ठेवला

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याला ७३. शहर एकच होतं. कुलाब्याच्याच आकड्यावर विसंबलं असतं तर त्या दिवशी मुंबईत जरा बरा पाऊस झाला, एवढंच लिहिता आलं असतं. तुमचे सगळे फॉर्म कॉलेजच्या कँटीनमधून आले असतील तर तुम्ही कुलाब्यात उभे आहात.

त्या रात्री लोक अनोळखी घरांत झोपले, रुळांवरून चालत गेले, बसच्या टपावर बसले. दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे ‘मुंबई स्पिरिट’ सुरू झालं. पुढच्या वर्षी, ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सुमारे अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. जोगेश्वरी, बोरिवली ही नावं त्या यादीत होती. १८० हून अधिक माणसं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या भरून धावल्या, आणि स्पिरिट पुन्हा छापून आलं. मुलुंडच्या लोकांनी हे १३ मार्च २००३ च्या लोकलमधल्या स्फोटानंतरही ऐकलं होतं.

इथे नवशिक्यांकडून हमखास चूक होते, म्हणून ठळक अक्षरांत लिहून घ्या: हजेरी हे लवचिकतेचं माप नव्हे. बारा जुलैला गाडीत चढलेल्या माणसाला तुम्ही विचारलं असतं, की तुम्ही एवढे खंबीर कसे, तर तो बहुधा म्हणाला असता, ‘सीएल संपल्यात.’ रोजंदारीवरच्याने तेवढंही सांगितलं नसतं. खाडा परवडत नाही म्हणून उठलेला माणूस आणि सावरून उठलेला माणूस फलाटावर एकसारखेच दिसतात. त्यांना वेगळं काढणं हेच तुमचं काम आहे, आणि त्यासाठी सहा विधानं पुरी पडणार नाहीत. वर्तमानपत्रांनी मात्र फलाटावरची माणसं मोजली आणि शंभरपैकी शंभर गुण दिले. अशा निकालाचा फायदा ज्यांना जाब विचारायला हवा त्यांना होतो: लोक सावरतायतच, तर घाई कसली?

शिवाय पट्टी धरून चालते की संकट येतं आणि जातं. मग माणूस किती लवकर सावरला ते विचारायचं. अंधेरीचा गोखले पूल घ्या. ३ जुलै २०१८ ला त्याचा भाग कोसळला. ७ नोव्हेंबर २०२२ ला तो वाहतुकीला पूर्ण बंद झाला. २६ फेब्रुवारी २०२४ ला नव्या पुलाची एक बाजू उघडली तेव्हा शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी तिची उंचीच जुळत नव्हती. तो जोड मिळायला जुलै उजाडला. या सगळ्या काळात पूर्वेकडून पश्चिमेला रोज जाणाऱ्या बाईला तुम्ही विचारता, ‘कठीण प्रसंगानंतर तुम्ही लवकर सावरता का?’ तिचा प्रश्न रास्त आहे: ‘नंतर म्हणजे कधी?’

मध्येच कोणी रडलं तर

शंभरात एखाददुसरा फॉर्म असा येईल, की बाई तिसऱ्या विधानापाशी थांबेल आणि पेन खाली ठेवेल. किंवा पुरुष सगळीकडे एक लिहून कागद घडी करून परत देईल आणि ‘झालं’ म्हणेल. इथे मार्गदर्शिकेतला विनोद बाजूला ठेवा. फॉर्म काढून घ्या, बसा, आणि नमुन्यात एक कमी झाला तरी चालेल असं स्वतःला सांगा. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही फोनवरची समुपदेशन सेवा २०१२ पासून चालू आहे; केंद्र सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मिळते, मराठीतही. हे दोन्ही फॉर्मच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत छापा. झेरॉक्सवाला एक पान वाढलं म्हणून पैसे जास्त घेईल. द्या.

बेरीज

फॉर्म मोजा. सत्त्याऐंशी निघतील. सिनॉप्सिसमध्ये तुम्ही शंभर लिहिले आहेत आणि सबमिशन सोमवारी आहे. तेरा फॉर्म हॉस्टेलच्या खोलीत बसून एका रात्रीत भरून टाकण्याचा मोह होईल. तुमच्या आधी तो पुष्कळांना झाला आहे. करू नका. नीतीचं तुमच्या गाइडच सांगतील, मी फक्त तांत्रिक अडचण सांगतो. ली क्रोनबॅक यांनी १९५१ मध्ये अल्फा नावाचा एक आकडा दिला. विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते तो दाखवतो. साधारण ०.७०च्या वर असला की बरा. खरी माणसं स्वतःशीच भांडत फॉर्म भरतात, म्हणून त्यांचा अल्फा ०.८०-०.८५ च्या आसपास रेंगाळतो. एकाच माणसाने चहा पीत, एकाच मनःस्थितीत भरलेल्या तेरा फॉर्मांचा अल्फा ०.९८ येतो. आणि गाइडनी स्वतःच्या वेळी नेमकं हेच केलेलं असल्यामुळे तो आकडा त्यांना लांबूनही ओळखता येतो.